सात फुटी नौका

मराठीत ‘कालवा’ म्हटले की धरण, चारी, पाण्याची पाळी आणि ऊस ही सगळी साखळी ओघाने येते, कारण नीरा किंवा मुठा कालवा खोदणाऱ्या इंग्रजांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः शेती होती. त्याच इंग्रजांच्या मायदेशी अठराव्या शतकात जे कालवे निघाले त्यांचा शेतीशी संबंध जवळजवळ नव्हता. ते पाण्याचे रस्ते होते, भागधारकांच्या पैशातून खणलेले आणि मालाच्या वजनावर व अंतरावर पथकर घेऊन चालणारे. या रस्त्यांवरून दोनशे वर्षे कोळसा, चिनी माती, लोखंड आणि धान्य वाहणाऱ्या नौकांचा, आणि पुढे त्याच पाण्यावर सहलीसाठी आठवड्याच्या भाड्याने मिळू लागलेल्या नौकांचा इतिहास पाहू गेल्यास तो एकाच मापाभोवती फिरताना दिसतो. ते माप सात फुटांचे.

१७६१ मध्ये ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या जमीनदाराने वर्स्ली येथील आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा सुरू केला आणि शहरातला कोळशाचा भाव निम्म्यावर आला, तेव्हा कालव्याची किंमत व्यापाऱ्यांना पटवून देण्याची गरज उरली नाही. या कालव्याच्या कामावर जेम्स ब्रिंडली हा गिरण्यांची चाके आणि यंत्रे जुळवणारा कारागीर होता. लिहिण्यावाचण्यात तो कच्चा असला तरी पाणी कुठे थांबेल आणि कुठे झिरपेल याचा त्याचा अंदाज सहसा चुकत नसे. ब्रिजवॉटरचा कालवा ऐसपैस रुंद होता. त्यानंतर ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्यांना जोडणाऱ्या सुमारे ९३ मैलांच्या कालव्याला १७६६ मध्ये पार्लमेंटची मंजुरी मिळाली. जोसाया वेजवुड हा प्रसिद्ध कुंभारकामाचा कारखानदार या योजनेचा खंदा पुरस्कर्ता होता, कारण खेचरांच्या पाठीवरून आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवरून जाताना त्याच्या कपबशा वाटेतच फुटत आणि भांड्यांसाठी लागणारी पांढरी माती दूरवरून आणावी लागे. या कालव्याच्या वाटेत हेअरकॅसलची टेकडी आडवी आली आणि तिच्या पोटातून २,८८० यार्ड, म्हणजे अडीच किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा खणणे भाग पडले. बोगदा जितका रुंद तितका खर्च अधिक. त्यातच टेकडीच्या माथ्यावर पाण्याचा साठा मर्यादित होता.

पाण्याचा हा हिशेब समजण्यासाठी ‘लॉक’ म्हणजे जलपाश म्हणजे काय ते पाहावे लागते. कालव्याची पातळी जिथे बदलते तिथे दोन्ही टोकांना लाकडी दारे असलेला विटांचा किंवा दगडांचा हौद बांधलेला असतो. खालून आलेली नौका हौदात शिरली की मागचे दार लावून पुढच्या झडपा उघडतात. वरचे पाणी आत येते, त्याबरोबर नौका वर उचलली जाते आणि दोन्हीकडचे पाणी समपातळीत आले की पुढचे दार ढकलून ती बाहेर पडते. यात कोणतेही यंत्र लागत नाही, मात्र दर खेपेला हौदभर पाणी वरून खाली जाते आणि ते परत येत नाही. ब्रिंडलीने माथ्याकडचे जलपाश सुमारे ७२ फूट लांब आणि जेमतेम ७ फूट रुंद ठेवले, त्यामुळे दर खेपेचे पाणी आणि बोगद्याची खोदाई दोन्ही निम्म्यावर आली. मिडलँड्स म्हणजे देशाच्या मध्य भागातल्या बहुतेक कालवा कंपन्यांनी हेच माप उचलले आणि त्या मापात बसणारी सुमारे ७० फूट लांब, ७ फूट रुंद अशी काडेपेटीसारखी नौका घडली. इंग्रजीत तिला नॅरोबोट म्हणतात. तिच्यात २५ टनांच्या आसपास माल बसे आणि तो ओढायला एक घोडा पुरे होई. रस्त्यावर गाडीला जुंपलेला घोडा टन-दीड टनावर थकत असे. त्या काळी हे माप क्रांतिकारक वाटले यात नवल नाही. ते कायमचे होऊन बसेल, शंभर-दीडशे वर्षांनी नौका मोठी करायची म्हटले तर शेकडो जलपाश आणि पूल पाडावे लागतील, हा विचार तेव्हा कोणी केला नाही आणि करण्याचे कारणही नव्हते.

घोडा काठावरच्या वाटेने चाले आणि लांब सुती दोराने नौका ओढी. पुलाखाली वाट अरुंद होई, तिथे दोर पुलाच्या कोपऱ्याला घासत जाई; दगड झिजू नये म्हणून कंपन्यांनी कोपऱ्यांवर लोखंडी पट्ट्या बसवल्या, तर ओल्या दोराने आणि त्याला चिकटलेल्या रेतीने त्या लोखंडातही बोट बुडेल इतक्या खोल खाचा पाडल्या. एकावर एक, तिरप्या, गुळगुळीत अशा त्या खाचा आजही जुन्या पुलांवर दिसतात. हेअरकॅसलच्या पहिल्या बोगद्यात मात्र घोड्यासाठी वाटच ठेवलेली नव्हती. घोडा सोडून टेकडीवरून पलीकडे नेत आणि माणसे नौकेवर फळ्या टाकून त्यांवर पाठीवर झोपत, बोगद्याच्या भिंतींना पाय लावून, आडवे चालल्यासारखी नौका पुढे रेटीत. काळोखात, थेंब थेंब गळणाऱ्या छताखाली हे काम तासन्‌तास चाले. १८२७ मध्ये टेलफर्ड या अभियंत्याने शेजारी दुसरा बोगदा काढला आणि त्यात घोड्याची वाट ठेवली, तेव्हा कुठे ही कोंडी फुटली.

१७९० च्या दशकात कालव्यांच्या भागभांडवलाचे वेडच देशाला लागले आणि त्या भरात निघालेले काही कालवे कधीच नफ्यात आले नाहीत. तरीही जलमार्गांचे जाळे एकूण सुमारे ४,००० मैलांपर्यंत पसरले. या सुबत्तेच्या काळात नौकेवर पगारी पुरुष काम करीत आणि त्यांची घरे काठावरच्या गावांत असत. १८३० मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, पुढच्या दोन दशकांत रूळ सर्वत्र पोहोचले, भाड्याचे दर कोसळले आणि नावाड्याला गावातल्या घराचे भाडे परवडेनासे झाले. त्याने बायकामुले नौकेवर आणली. बायकोचे आणि मुलांचे श्रम फुकट मिळू लागल्याने मालक कंपन्यांना रेल्वेशी टक्कर देणे काही काळ शक्य झाले. ज्याला पुढच्या पिढ्यांनी ‘नौकेवरचे रंगीबेरंगी जीवन’ म्हणून चित्रांत रंगवले त्याचा उगम असा मजुरीच्या कपातीत आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

मालाला जागा हवी म्हणून कुटुंबाच्या वाट्याला नौकेच्या मागच्या टोकाची सुमारे दहा फूट लांबीची खोली येई. दारातून पाय आत टाकताच डावीकडे कोळशाची चूल, तिला खेटून वर बसवलेले कपाट. त्या कपाटाचे दार खाली पाडले की तेच जेवणाचे मेज होई. उजवीकडे भिंतीलगत बाक, त्यावर दिवसा बसायचे आणि रात्री मुलाने झोपायचे. पलीकडे आडवे, पुन्हा कपाटाच्या दारातूनच निघणारे, नवराबायकोचे अंथरूण आणि त्यापुढे क्रोशाच्या जाळीचा पडदा. भिंतीवर काठांना जाळी असलेल्या शोभेच्या बशा टांगलेल्या, चुलीभोवती पितळी मुठी लखलखीत घासलेल्या. दारांवर, कपाटांवर आणि छपरावर ठेवलेल्या पाण्याच्या झारीवर गुलाबांचे गुच्छ आणि डोंगराच्या पायथ्याशी तळे, तळ्याकाठी किल्ला अशी चित्रे रंगवलेली असत. मिडलँड्सच्या सपाट कोळसाखाणींतून जन्म काढणाऱ्या या माणसांनी किल्ले कुठून आणले याविषयी बरेच तर्क झाले आहेत, पण त्यांतला एकही पुरता पटत नाही. या खोलीत नवराबायको आणि चार-पाच मुले राहत असत. पोरे मोठी झाली की शेजारच्या नातेवाइकाच्या नौकेवर झोपायला धाडत.

अशा खोल्यांविषयी १८७० च्या दशकात जॉर्ज स्मिथ या सुधारकाने आवाज उठवला. कोलव्हिलचा हा गृहस्थ आधी वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी झगडला होता आणि त्याच जिद्दीने त्याने नौकांवरची गर्दी, अस्वच्छता आणि निरक्षरता यांचे वर्णन करणारी पुस्तके लिहिली. त्याचे फळ म्हणजे १८७७ चा कालवा-नौका कायदा आणि त्यातली फट बुजवणारा १८८४ चा दुसरा कायदा. त्यांनी प्रत्येक राहत्या नौकेची नोंदणी, आकारमानानुसार किती माणसे राहू शकतील याची मर्यादा आणि तपासणी ठरवून दिली. स्मिथचा हेतू निर्मळ होता, मात्र त्याच्या लेखणीतून नावाडी म्हणजे दारुडा आणि अडाणी अशी जी प्रतिमा पसरली ती त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या डाचत राहिली. शाळेचे तर काहीच झाले नाही. नौका आज एका गावी तर उद्या दुसऱ्या, मूल एका शाळेत अर्धा दिवस बसणार आणि दुसऱ्या दिवशी वीस मैल पुढे गेलेले असणार. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीतरी नावाड्यांना मालाची चिठ्ठी दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागे. काठावरच्या लोकांत त्यांचा ज्यांच्यावर पूर्ण विश्वास होता अशा माणसांपैकी एक म्हणजे नॉर्थहॅम्प्टनशरमधील स्टोक ब्रूअर्नची परिचारिका सिस्टर मेरी वॉर्ड. जलपाशाशेजारच्या आपल्या घरातच तिने त्यांच्यासाठी दवाखाना थाटला होता. १९५१ मध्ये तिला त्याबद्दल सरकारी पदक मिळाले.

यंत्राने या व्यवसायाला दुसरा श्वास दिला, पण तिथेही सात फूट आडवे आलेच. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या फेलोज मॉर्टन अँड क्लेटन या मोठ्या वाहतूक कंपनीने वाफेच्या नौका चालवल्या, त्या रात्रंदिवस धावत. मात्र बॉयलर आणि इंजिन यांनीच मालाची कित्येक टनांची जागा खाल्ली आणि माणसेही अधिक लागली. १९१२ पासून बोलिंडर नावाचे स्वीडिश तेलइंजिन बसू लागले, ते लहान होते आणि एकट्या माणसाला हाताळता येई. ब्लोलँपने डोके तापवून, जड चाकाला पायाने लाथ मारून ते सुरू करावे लागे आणि मग त्याची तालात चुकत-चुकत चालणारी टकटक मैलभर आधी ऐकू येई. इंजिनाची नौका ‘मोटर’ आणि तिच्यामागे दोराने ओढली जाणारी बिनइंजिनाची नौका ‘बटी’, अशी जोडी रूढ झाली. बहुधा मोटरवर नवरा आणि बटीच्या सुकाण्यावर, कडेवर तान्हे घेतलेली बायको. जोडीत ५० टनांपर्यंत माल जाई. पण अरुंद जलपाश आला की दोन्ही एकदम मावत नसत. मोटर आधी पार करायची, जलपाश पुन्हा रिकामा करायचा आणि बटी माणसांनी खांद्यावर दोर घेऊन आत ओढायची. मोठा मुलगा सायकलवरून पुढच्या जलपाशापाशी जाऊन, कमरेच्या पट्ट्यात खोचलेली काटकोनी लोखंडी किल्ली फिरवून झडपा उघडून ठेवी, म्हणजे पाच मिनिटे वाचत. दिवसाकाठी तीस-तीस जलपाश असले की ही पाच मिनिटे म्हणजे पगार होता, कारण मजुरी खेपेवर मिळे, तासावर नव्हे.

या कोंडीवर मोठ्या प्रमाणात उपाय करण्याचा प्रयत्न एकदाच झाला. लंडन ते बर्मिंगहॅम मार्गावरचे कालवे १९२९ मध्ये एकत्र होऊन ग्रँड युनियन कालवा झाला, आणि सरकारच्या साहाय्याने त्याने बर्मिंगहॅमकडच्या टप्प्यावर ५१ नवे रुंद जलपाश बांधले. १९३४ मध्ये हॅटन येथे त्यांचे थाटात उद्घाटन झाले. बेत असा होता की चौदा फुटी नौका लंडनहून थेट निघतील. प्रत्यक्षात कालव्याची खोली आणि वळणे तशीच राहिली, रुंद नौका समोरासमोर आल्या तर जायच्या कुठून हा प्रश्न सुटला नाही, आणि नव्या प्रशस्त जलपाशांतून त्याच सात फुटी जोड्या शेजारी-शेजारी उभ्या राहून जाऊ लागल्या. कंपनीने शेकडो नव्या नौकाही बांधून घेतल्या, त्यांतल्या पुष्कळांना चालवायला कुटुंबेच मिळाली नाहीत.

ती जागा काही काळ युद्धाने भरली. १९४२ च्या सुमारास वाहतूक खात्याने तरुण स्त्रियांना या नौकांवर शिकवून कामाला लावले. तिघी मिळून एक जोडी चालवीत, लंडनच्या गोदीतून पोलाद वगैरे माल बर्मिंगहॅमकडे पोहोचवीत आणि परतीच्या वाटेवर कव्हेंट्रीच्या खाणींचा कोळसा भरून आणीत. एका फेरीला तीन आठवडे लागत. ‘इनलँड वॉटरवेज’ या खात्याच्या बिल्ल्यावरील आद्याक्षरांवरून त्यांना ‘आयडल विमेन’, म्हणजे ऐतखाऊ बाया, हे थट्टेचे नाव पडले. सुझन वुल्फिट आणि एमा स्मिथ यांनी युद्धानंतर लिहिलेल्या आठवणींत हाताला आलेल्या फोडांपासून नावाडी बायकांच्या अबोल मदतीपर्यंत सारे आले आहे, आणि नौकेवरचे जीवन आतून पाहून लिहिणारी मंडळी एवढ्या उशिरा, तीही बाहेरून आलेली असावीत, हे त्या समाजाच्या निरक्षरतेचेच दुसरे टोक म्हणावे लागेल.

हौसेने नौका भाड्याने घेण्याची चाल मात्र यापूर्वीच दुसऱ्या पाण्यावर रुजली होती. पूर्व किनाऱ्याजवळच्या नॉरफोक ब्रॉड्स या तळ्या-नद्यांच्या प्रदेशात काळ्या शिडाच्या ‘व्हेरी’ नावाच्या मालवाहू नावा चालत. रेल्वेने त्यांचा माल हिरावला आणि त्याच रेल्वेने शहरातले सहलकरू आणून सोडले. तेव्हा मालकांनी उन्हाळ्यात नावेचे पोट झाडून, त्यात पडदे आणि बाजा लावून ती सहलीला द्यायला सुरुवात केली, आणि जॉन लॉइन्स या नॉर्विचच्या सुताराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खास भाड्यासाठी होड्या बांधण्याचा धंदाच काढला. कालव्यांवर ही कल्पना १९३० च्या दशकात चेस्टरच्या आसपास आणि इतरत्र तुरळक दिसू लागली. कोळशाच्या काळ्या पाण्यातून, कारखान्यांच्या मागच्या बाजूंनी सुट्टीत हिंडायला पैसे मोजणारी माणसे नावाड्यांना खुळीच वाटली असली पाहिजेत.

हे खूळ चळवळीत बदलण्याचे श्रेय टॉम रोल्ट या अभियंत्याकडे जाते. ‘क्रेसी’ नावाची एक निवृत्त मालवाहू नौका त्याने बॅनबरी येथील टूली यांच्या गोदीत राहण्याजोगी करून घेतली आणि १९३९ च्या जुलैअखेर पत्नीसह तो तीत निघाला. त्या प्रवासावरचे त्याचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ च्या डिसेंबरात, युद्धाने थकलेल्या वाचकांच्या हाती पडले आणि गाजले. ते वाचून रॉबर्ट आयकमन या लेखकाने त्याला पत्र लिहिले. दोघांची भेट झाली आणि १९४६ मध्ये इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संस्था उभी राहिली. १९४७ मध्ये रोल्टने स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचा नादुरुस्त होऊन पक्का बसवलेला उचलपूल हेरून, येथून नौका नेण्याचा आपला कायदेशीर हक्क आहे असे कालव्याची मालक असलेल्या रेल्वे कंपनीला कळवले, आणि कंपनीच्या माणसांना जॅक लावून पूल उचलून धरावा लागला. पण लवकरच दोघांचे बिनसले. रोल्टला वाचवायचे होते ते मालवाहू कालवे आणि त्यांच्यावरची माणसे. आयकमनला प्रत्येक मैल वाचवायचा होता, मग तो सहलीच्या नौकांनी वाचला तरी चालेल. १९५० मध्ये मार्केट हारबरो येथे शंभरावर नौकांचा मेळा भरला तेव्हा मतभेद चव्हाट्यावर आले आणि पुढच्या वर्षी रोल्ट संस्थेतून बाहेर काढला गेला. मन रोल्टकडे झुकते, पण निकाल आयकमनच्या बाजूने लागला.

१ जानेवारी १९४८ रोजी कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. मोठ्या कंपन्यांच्या नौका सरकारी निळ्या-पिवळ्या रंगात आल्या आणि दरवर्षी थोड्या-थोड्या बंद पडत गेल्या. स्वतःच्या मालकीची एकच नौका चालवणाऱ्यांना ‘नंबर वन’ म्हणत; ऑक्सफर्ड कालव्यावरचा त्यांतला शेवटचा जो स्किनर हा आपली ‘फ्रेंडशिप’ इंजिनाविना, डॉली नावाच्या खेचरीकडून ओढवून नेत असे. १९६२ च्या नाताळानंतर थंडीची जी लाट आली ती मार्च उजाडेपर्यंत हटली नाही. कालवे गोठले, नौका होत्या तिथे बर्फात अडकून पडल्या, कोळशाचा माल लॉरीने पोहोचू लागला आणि बर्फ वितळल्यावरही तो पुष्कळसा परत आला नाही. नव्यानेच स्थापन झालेल्या ब्रिटिश वॉटरवेज बोर्डाने १९६३ मध्ये आपली बहुतेक अरुंद नौकांची वाहतूक गुंडाळली. थंडीने धंदा मारला असे सांगण्याची पद्धत आहे. खरे तर तो आधीच इतका अशक्त झाला होता की दोन महिन्यांचा खाडाही त्याला सोसवला नाही. त्याच १९६३ मध्ये स्टोक ब्रूअर्नला कालव्यांचे संग्रहालय उघडले.

विलो रेन आणि तिच्यासारख्या छोट्या कंपन्यांनी उरल्यासुरल्या खेपा चालू ठेवल्या. अॅदरस्टोनहून लंडनजवळच्या साउथॉल येथील मुरंब्याच्या कारखान्याला जाणारा कोळसा हा लांब पल्ल्याचा शेवटचा नियमित माल. नावाडी त्या कारखान्याच्या धक्क्याला ‘जॅम होल’ म्हणत. ऑक्टोबर १९७० मध्ये ती खेपही थांबली. ब्रेंटफर्डहून बॉक्समूरला पिंपांतून जाणारा लिंबाचा रस तेवढा १९८१ पर्यंत पाण्यावरून गेला.

मोकळ्या झालेल्या नौका कुठे गेल्या हे काठाकाठाने शोधावे लागते. कित्येक मुद्दाम खाणींच्या तळ्यांत बुडवल्या गेल्या. काही सत्तर फुटी नौका मधोमध कापून एकीच्या दोन सहलनौका केल्या गेल्या. मोटर आणि बटीच्या काही जोड्यांची हॉटेले झाली. मोटरवर स्वयंपाकघर आणि जेवणघर, बटीवर पाहुण्यांच्या खोल्या. काही कंपन्या हिवाळ्यात कोळसा वाहून उन्हाळ्यात तीच मालाची जागा धुऊन काढीत आणि वर ताडपत्री टाकून बालवीर पथकांना व शाळेच्या मुलांना भाड्याने देत. कोळशाची काळी भुकटी फटींतून निघत राही, तरी मुलांना ती चाले. बार्बरा कॅसल वाहतूक मंत्री असताना आखलेल्या १९६८ च्या वाहतूक कायद्याने सरकारी जलमार्गांची व्यापारी, सहलीचे आणि उरलेले अशी तीन भागांत वाटणी केली. हजार मैलांहून अधिक कालवे ‘सहलीचे’ म्हणून जपण्याची जबाबदारी कायद्यात आली, तेव्हा आयकमनचे म्हणणे सरकारी कागदावर उतरले. भाड्याच्या नौका बांधणारे कारखाने वाढले, आधी प्लायवूड आणि काचतंतू, मग पोलादी तळ आले. मालवाहतुकीच्या गळ्याला फास ठरलेली सात फूट रुंदी सुट्टीवरच्या कुटुंबाला बेताची वाटली, कारण ज्याने आयुष्यात कधी सुकाणू धरलेले नाही अशा माणसालाही अर्ध्या तासाच्या शिकवणीवर ती नौका चालवता येते, आणि वेग ताशी चार मैलांच्या वर नेण्याची मुभाच नसते.

२०१२ पासून बहुतेक कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे आहेत आणि त्यांवर ३०,००० हून अधिक नौकांची नोंद आहे. नव्या नौका सहा फूट दहा इंच रुंद बांधतात, जेणेकरून ब्रिंडलीच्या जलपाशात दोन्ही बाजूंना इंचभर पाणी सुटेल. हौशी मालक मागच्या टोकाला दहा फुटी पारंपरिक खोली मागवतात, त्यात चूल, पितळी मुठी, जाळीच्या बशा आणि दारावर गुलाब. मालाच्या जागी मात्र न्हाणीघर, फ्रिज आणि दुहेरी पलंग असतो. जो स्किनरची ‘फ्रेंडशिप’ एल्समिअर पोर्टच्या संग्रहालयात छपराखाली ठेवलेली आहे.